दाराजवळची खुर्ची

मुल्ला सर कुठल्याही बैठकीला आले की आधी दार सताड उघडायचे. मग एक खुर्ची उचलून दाराजवळ ठेवायचे आणि ती रिकामी राहील याकडे लक्ष द्यायचे. कुणी चुकून बसलंच तर म्हणायचे, "आवं, तुमी म्होरं या. ती लागंल त्याची हाय." लागणारा कोण, हे सांगत नसत. कराडच्या कॉलेजात आम्हाला वाटायचं, सरांना वाऱ्याशिवाय सुचत नाही.

ते आम्हाला आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवायचे. मूळचे रहिमतपूरचे, उंच, किडकिडीत, आणि शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. फळ्यावर पुस्तकातलं मराठी लिहायचे, तोंडाने मात्र रहिमतपूरचंच बोलायचे. वर्षाच्या सुरुवातीला ते चिठ्ठ्या टाकत. ज्याला जो देश येईल तो त्याने वर्षभर सांभाळायचा, बदलून मिळायचा नाही. माझ्या मैत्रिणीला अमेरिका आली. मला बुर्किना फासो. वर्ग खो खो हसला आणि मी रडायचीच बाकी राहिले.

"हसू नगा रं," सर म्हणाले. "ह्यो कापसाचा देश हाय. मोटे देश आपापल्या शेतकऱ्यास्नी अनुदान देत्यात, त्यांचा कापूस सस्तात बाजारात येतोय, आन ह्येचा पडून ऱ्हातोय. जिनिव्हात जाऊन ह्या देशानं त्ये उठून सांगितलं. तितं अमेरिकेला एक खुर्ची, आन ह्येलाबी एक खुर्ची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोल बाई, तुझा भाव कुणी पाडला?"

मी बोलले. पहिल्यांदा भीत भीत, नंतर इतकं की अमेरिकेने, म्हणजे माझ्या जिवलग मैत्रिणीने, माझ्याशी अबोला धरला.

जगाच्या व्यापाराचे नियम बघणाऱ्या जिनिव्हातल्या त्या संघटनेवर सरांचा फार जीव. एका देशाला सवलत दिली की ती इतरांनाही द्यायची. भांडण झालं तर आधी एका समितीपुढे जायचं, तिचा निकाल पटला नाही तर अपिलाच्या पंचांपुढे. आणि मुख्य म्हणजे, ठरवायचं ते मतं मोजून नाही, सर्वांच्या संमतीने. "सगळ्यांनी हो म्हणाय पायजे असं न्हाई," सर सांगायचे. "हजर असनाऱ्यातल्या कुणी न्हाई म्हणायचं न्हाई, येवढंच." वर्गातल्या प्रत्येक ठरावानंतर ते विचारायचे, "कुणाचं काय हाय का?" आणि चष्मा काढून पुसत बसायचे. चष्मा पुसून होईपर्यंत कुणी काही बोललं नाही, तर ठरलं.

त्या खुर्चीचं कारण त्यांनी एकदा सांगितलं. त्यांच्या घरी वाटणी चालली होती. विहिरीकडची पट्टी धाकट्या भावाला द्यायची होती. थोरल्याला मनातून पटलं होतं, पण चारचौघांत हो म्हणायला जीभ रेटेना. "मग थोरला भाऊ पाणी प्यायला म्हणून उठला," सर म्हणाले. "त्यो भाईर रांजणापाशी हुता, तवर अब्बांनी इच्यारलं, कुणाचं काय हाय का? कुनी बोललं न्हाई. भाऊ परत आला तवा ठरलं हुतं. त्याला हरल्यागत वाटलं न्हाई आन धाकट्याला जिकल्यागत वाटलं न्हाई. माणसाला भाईर जायाला दार पायजे गड्या, आन परत आल्यावर टेकाया दारापाशी खुर्ची. जिनिव्हात बी हजर असंल त्याचीच हरकत धरत्यात."

पुढे माझं लग्न झालं आणि मी सांगलीला आले. बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या संघात सचिव म्हणून लागले. सर निवृत्त होऊन सांगलीलाच मुलीकडे राहायला आले, तेव्हा मी त्यांना आमच्या संघात सल्लागार म्हणून ओढलं. आमच्याकडे मालाच्या प्रतीवरून रोजची भांडणं. सरांनी तीन पंच नेमायला लावले आणि नेमताना एकाचीही हरकत नसावी असा नियम घालून दिला. सुरुवातीला लोक कुरकुरले. "एसी चालू असताना दार कशाला उघडं?" हीच खरी तक्रार होती. पण पंचांचं नाव झालं. बेदाणा वाळवणाऱ्या लहान शेडवाल्यांचीही बाजू ऐकली जाऊ लागली.

मग एक निकाल आप्पासाहेबांच्या विरुद्ध गेला. आप्पासाहेब म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात मोठं कोल्ड स्टोरेज. पंचांची मुदत संपली, आणि नव्या प्रत्येक नावाला आप्पासाहेब उठून म्हणू लागले, "माझी हरकत हाय." तिकडे जिनिव्हातही तेच घडत होतं. एक बलाढ्य देश अपिलाचे नवे पंच नेमूच देईना, आणि तिथल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. आपल्या देशाच्या साखर अनुदानाविरुद्ध समितीने दिलेला निकालसुद्धा अपिलात लटकून राहिला, म्हणजे तो पाळायची गरज उरली नाही. संघातले काही जण त्यावर खूश होते. सर खूश नव्हते. "निकाल आपल्या इरुद्ध गेलाय, म्हणून आज आपल्याला ही रिकामी खुर्ची गोड लागतीया," ते म्हणाले. "उद्या आपल्याला दाद मागायची आसंल, तवा कुणाकडं जायाचं?"

आमच्या इथे दाद मागायला बसली होती सुनंदाकाकू. तासगावकडची, स्वतःच्या शेडवर बेदाणा करणारी, हिरवागार लांब माल काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो माल आप्पासाहेबांच्या स्टोरेजला ठेवला होता. सौद्याच्या दिवशी तिच्या नावाचे बॉक्स फोडले तर आत काळपट माल. "ह्यो माझा न्हवंच," ती सांगत होती. आप्पासाहेब म्हणत होते, हाच. खरं-खोटं करायला पंचच नव्हते.

मी सरांना म्हटलं, नियम बदलू. हात वर करून मतं घेऊ, आप्पासाहेब एकटे पडतील. सर तयार होईनात. "आज त्याला पाडशील. उद्या तीच मानसं एक हुऊन काकूला पाडत्याल. मोजायला लागलं की ल्हान मानूस कवाच पुरा पडत न्हाई."

काकू तिथेच बसली होती. ती म्हणाली, "सर, तुमचा नेम पाळायला माझा माल मी किती दिस तिथं ठिवू?"

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच हातात धरून बसले. घरी गेल्यावर ते जेवले नाहीत, असं त्यांची मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ते आप्पासाहेबांकडे जाऊ लागले. चालत, छत्री टेकत. तिथे काय बोलत, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं की म्हणायचे, "चा पाजतोय. चांगला मानूस हाय. पर अजून पाणी प्यायला उठंना."

असेच एकदा तिकडून आले, आणि संध्याकाळी छातीत कळ येऊन गेले. कुणाला धावपळसुद्धा करू दिली नाही.

संघाने शोकसभा ठेवली. हॉल भरला होता. पुढच्या रांगेत आप्पासाहेब, मागे भिंतीला टेकून सुनंदाकाकू. मी आधी दार उघडलं आणि दाराशी एक खुर्ची नेऊन ठेवली. भाषणं झाली. भाषणांतले मुल्ला सर आणि आमचे सर यांत बरंच अंतर होतं, पण ते चालायचंच. शेवटी मी उठले आणि पंचांसाठी तीन नावं वाचली. हॉलमध्ये चुळबुळ झाली. शोकसभेत ठराव घेतात का, असं कुणीतरी पुटपुटलंही.

मी विचारलं, "कुणाचं काय हाय का?" तसंच विचारलं, त्यांच्या बोलीत. मग माझा चष्मा काढला आणि पदराने पुसू लागले.

सगळ्यांच्या नजरा आप्पासाहेबांकडे. ते मान खाली घालून बसले होते. मग त्यांनी खिशातून फोन काढला. वाजल्याचं मला तरी ऐकू आलं नाही. तो कानाला लावून ते उठले, रांगेतून वाट काढत दाराकडे गेले, आणि बाहेर पडले.

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. "ठरलं," मी म्हणाले. काकूने पदर तोंडाला लावला.

जिनिव्हातल्या त्या खुर्च्या अजून रिकाम्याच आहेत. तिथल्या दाराशी कुणी खुर्ची ठेवतं की नाही, मला माहीत नाही.

थोड्या वेळाने आप्पासाहेब आत आले. पुढची त्यांची जागा तशीच होती, पण ते तिकडे गेले नाहीत. दाराजवळच्या खुर्चीवर बसले. एसीचा गारवा जातो म्हणून शिपाई दार लावायला उठला.

"ऱ्हाऊ दे उघडं," आप्पासाहेब म्हणाले.