थावरीबाईचा कर्नल

आम्ही जुने बँडवाले जमलो की पहिली पाच मिनिटं गुडघेदुखीत जातात आणि मग कुणीतरी म्हणतं, "कर्नल आठवतो का रे?" झालं! चहा निवतो, पानाचा डबा उघडाच राहतो आणि एकेकाच्या पोतडीतून किस्से निघू लागतात. दर वर्षी त्यात एक-दोन नवे वाढतात, हेही खरं. मी मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलेलेच सांगतो.

धारमध्ये एका सरदारांनी हौसेनं छोटासा बँड ठेवला होता. मी त्यात क्लॅरिनेट वाजवायचो. मोटार कशी दिसते हे तेव्हा आम्ही फक्त ऐकून होतो. बँडघराच्या मागच्या अंगणात थावरीबाई राहायची. गंधवानीकडची भिल्लीण. तिचा नवरा आमच्याकडे पाणी भरायचा. तो वारला, तशी ती माहेरी गेली. आता काही परतत नाही, असं आम्ही धरून चाललो. पण महिन्याभरात आली, झाडू हातात घेतला आणि कामाला लागली. ओढणीच्या घोळात एक पिल्लू होतं. घरात बोलायला तेवढंच!

त्या पिल्लाचा कर्नल झाला. कडकनाथ कोंबडा! चोच, तुरा, पाय, सगळं काळं, आणि उन्हात पिसांवर हिरवी झाक. मागे सहा कोंबड्या. चालायचा असा ऐटीत, की आमच्या बँडचे प्रमुख शिंदेमास्तर, त्यांनी परेडला तसं चालून दाखवावं! फक्त चोच मारायची खोड. बँडमध्ये त्याचा प्रसाद न मिळालेला माणूस नव्हता.

* * *

माझा पहिला दिवस. अंगात नवा युनिफॉर्म, छातीवर पितळेची आठ बटणं, चिंचेनं घासून लख्ख केलेली. अंगणात बसून बुटाची नाडी बांधत होतो. कर्नल आला, मान तिरकी करून बघितलं आणि टक्! पहिलं बटण. टक्! दुसरं. तिसऱ्याला मी बोंब ठोकली.

थावरीबाई झाडू टाकून आली. मला वाटलं, कोंबड्याला रागावेल. तर ती मलाच समजावू लागली, "भिया, ईके थारे से बैर नी हे. जो चमके, ऊ दाणो! बटन ढाँकी ले."

मी घरून आणलेली शाल पांघरली. कर्नलनं पुन्हा एकदा बघितलं आणि तोंड फिरवून निघून गेला. मी इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी परेडलाही शाल घेऊनच उभा राहिलो.

मास्तर म्हणाले, "काय रे, ताप आहे?"

"नाही मास्तर, बटणं आहेत!"

* * *

भिकाजी आमचा मोठा भोंगा वाजवायचा. भोंग्याचं तोंड परातीएवढं, पॉलिश असं की त्यात बघून दाढी करावी. एकदा तो उन्हात वाळत ठेवून भिकाजी जेवायला गेला. कर्नलला त्यात दिसला दुसरा कर्नल! मग काय, रणसंग्राम! आम्ही धावलो तर मानेची पिसं फुलवून आमच्यावरच आला.

थावरीबाई घाई न करता आली. भोंग्यावर पोतं टाकलं. म्हणाली, "लो, दूसरो मुर्गो घर गयो." कर्नलनं दोन फेऱ्या मारल्या, खात्री करून घेतली आणि जिंकल्याची बांग दिली!

मास्तरांनी भोंग्याचे पोचे बघून विचारलं, "हे काय?" भिकाजी छाती काढून म्हणाला, "लढाईतल्या जखमा!"

* * *

देवासहून लग्नाच्या वरातीसाठी एक ढोलवाला आला होता. तालमीतला पैलवान, मांड्या अशा की धोतर पुरेना. "कोंबड्याला कोण भितो?" म्हणत अंगणात शिरला आणि मिनिटाभरात पुढे पैलवान, मागे कर्नल, अशी विहिरीला तिसरी प्रदक्षिणा चालू!

थावरीबाई ओट्यावरून ओरडली, "पैलवान, भागो मत! भाग्या तो हार्या! लात बी मत मारो. खड़ा रो!"

पैलवान थांबला. कर्नलही थांबला. मग जरा इकडे-तिकडे केल्यासारखं करून दाणे टिपत लांब गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि तालमीला आत आलो.

दोन तासांनी जेवणाची पानं मांडली, तर पैलवानाचा पत्ता नाही. अंगणात बघतो तो गडी उन्हात ताठ उभा! घामानं निथळलेला.

"अहो, इथं काय करताय?"

"मला कुणी हल म्हणालंच नाही!"

* * *

दवाखान्यातले कंपाउंडर आमच्या जखमा बघायला आले, तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "चोचीचं टोक छाटा." थावरीबाई कधी कुणाला उलट बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "थाँके बी कोई ऊपर से झपटे तो? ऊपर से हात आयो तो ई समझे चील आई. नीचे से लई जाव."

आणि करून दाखवलं. खाली बसली, हात जमिनीलगत नेला, तळवा छातीखाली सरकवला, दुसऱ्या हातानं पंख अंगाशी धरले आणि कर्नल काखेत, तोंड मागे, शेपटी पुढे! त्याचं तोंड ती कधी माणसाच्या तोंडाजवळ येऊ द्यायची नाही. "आँख बी चमके हे, भिया," म्हणायची.

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला. कंपाउंडरसाहेबांना मात्र वाटलं, यात काय मोठंसं? ते उभ्यानंच वाकले. त्यांच्या बोटाला पट्टी मी बांधली.

* * *

आता शेवटचा.

संक्रांतीला मास्तरांच्या पत्नी, आक्का, थावरीबाईला तिळगूळ द्यायला अंगणात आल्या. वाटी ठेवायला वाकल्या, नथ उन्हात चमकली आणि कर्नलनं झेप घेतली. नाकपुडी फाटता फाटता वाचली. रक्ताची धार! आक्का म्हणत होत्या, "अहो, लागलं नाही फारसं." पण मास्तरांचा चेहरा लाल झाला होता.

"रविवारी हंडी," एवढंच म्हणाले. शिंदेमास्तरांनी दिलेला शब्द कधी मागे घेतल्याचं धारमध्ये कुणी ऐकलं नव्हतं.

थावरीबाई रडली नाही. हात जोडून म्हणाली, "मास्तरसाब, हुकम थाँको. पण हात बी थाँको. थें खुद पकड़ी ने दई दो. म्हारा से नी होगा." मास्तर म्हणाले, "ठीक आहे."

रविवार उजाडला. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. मिशीवाला भिकाजी तर सरळ डोळे पुसत होता. खानसामा सुरी घेऊन आला. मास्तर कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये आले.

थावरीबाई हळू आवाजात सांगत गेली आणि मास्तर, ज्यांच्यासमोर आम्ही खोकायला घाबरायचो, ते ऐकत गेले. बोटातली अंगठी काढली. कोट काढून खुंटीला लावला. "अब बेठी जाव." मास्तर धुळीत मांडी घालून बसले! तळहातावर ज्वारी घेतली, हात जमिनीला टेकवला.

कर्नल लांबून बघत राहिला. मास्तर हलले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो एकेक पाऊल टाकत आला आणि दाणे टिपले, चोच न लागू देता. मास्तरांनी दुसरा हात खालून नेला, छातीखाली सरकवला, पंख अंगाशी धरले. तोंड मागे, शेपटी पुढे. सगळं तिनं सांगितल्याबरहुकूम!

कर्नलनं एकदा मान वळवून बघितलं आणि मास्तरांच्या काखेत डोळे मिटले.

थावरीबाईनं ओढणीचा पदर तोंडावर घेतला. खानसामा पुढे झाला.

"मास्तर, द्या इकडे."

मास्तर म्हणाले, "हळू बोल. झोपलाय."