सतरा नंबरचा जॉब

स्क्रॅपचा टेम्पो दुपारी दोनला येणार होता. सकाळी साडेनऊला अमोलचे वडील माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. अमोल माझा विद्यार्थी. दोन वर्षं शिकला, पास झाला आणि फौजेत भरती झाला. दोन महिन्यांपूर्वी सीमेवर गस्त घालताना त्याला गोळी लागली. तेवीस वर्षांचा होता. हर्सूलच्या पुढं त्यांचं गाव. अंत्यसंस्काराला आमची अख्खी आयटीआय गेली होती, पण त्या गर्दीत वडिलांशी बोलणं झालं नव्हतं.

अमोलचे वडील, रंगनाथराव, चिकलठाण्याच्या एका कंपनीत गेटवर असतात. ड्यूटी संपवून तसेच आले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, फौजेतून त्याची पेटी आली. कपडे, बूट, मग्गा. समदं सरकारी. त्याच्या हातचं घरात कायबी नाय. त्याची आई म्हणती, पोरगं तिथं लोखंडाचं कायतरी करायचं. त्यातलं एखादं असंल तर द्या."

"आहे," मी म्हणून बसले. मग टेम्पो आठवला.

आमच्याकडं प्रत्येक मुलाला परीक्षेसाठी एक जॉब करावा लागतो. लोखंडाचे दोन तुकडे, एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बिनफट बसवायचं. सगळं हातानं, कानशीनं घासून. मग त्यावर आपला रोल नंबर ठोकायचा. हे जॉब काही वर्षं स्टोअरमध्ये राहतात. नंतर त्यांचं निर्लेखन होतं, म्हणजे ते रजिस्टरमधून कमी करून भंगारात देतात. चार बॅचचे जॉब त्याच दिवशी जाणार होते, त्यात अमोलचीही बॅच होती. यादी मीच केली होती.

मी प्राचार्यांकडं गेले आणि अमोलचा जॉब मागितला.

"मॅडम, मंजुरी झाली आहे. नग आणि वजन, दोन्ही जुळायला हवं."

"दोन्ही जुळवून देते सर. मला दोनपर्यंत स्टोअर उघडं पाहिजे."

"आणि तुमचं प्रॅक्टिकल?"

"आज मुलं कानस साफ करतील. ते काम तसंही राहिलंय."

त्यांनी मान डोलावली.

स्टोअरकीपर रशीदभाईंनी चार पोती दाखवली. "कुठल्या पोत्यात कुठली बॅच?" मी विचारलं.

"मॅडम, टॅग तो कब के गए. उंदरांनी खाल्ले. सब एकच खिचडी आहे."

"मग खिचडी निवडू."

"ऐंशी जॉब हैं!"

"अमोलचा रोल नंबर सतरा. सतरा नंबरचे चारच असणार."

चूक माझीच होती. दर बॅचला रोल नंबर एकपासून सुरू होतो आणि जॉबवर वर्ष ठोकायची पद्धत मी कधी लावली नाही. कागदाचा टॅग पुरेसा आहे असं मला वाटायचं.

पोती पालथी केली. रंगनाथरावही शर्टाच्या बाह्या वर सारून खाली बसले. रशीदभाई म्हणाले, "भाऊ, तुम्ही राहू द्या, हात काळे होतील." ते म्हणाले, "होऊ द्या."

साडेअकरापर्यंत चार सतरा हाती लागले. रॉकेलनं पुसून टेबलावर ओळीनं ठेवले. चारही सारखेच. रंगनाथराव प्रत्येकाकडं बघायचे, मग माझ्याकडं.

माझी एक सवय आहे. प्रत्येक मुलाचे दोष मी वहीत लिहून ठेवते. अमोलच्या बॅचची वही कपाटात सापडली. सतरासमोर लिहिलं होतं: "डावखुरा. कानस उलटी धरतो. सवय मोडणे."

मग आठवलं. वर्षभर मी त्याच्या मागं लागले होते. मी समोर असले की कानस उजव्या हातात. पाठ फिरली की डाव्या.

उजव्या हातानं कानस चालवली की लोखंडावरच्या बारीक रेघा एका अंगाला कलतात, डाव्या हातानं दुसऱ्या अंगाला. चारही जॉब खाच वर करून भिंगाखाली धरले. सगळ्यांच्या रेघा एकाच बाजूला. रशीदभाई म्हणाले, "अब?"

"उलटे करा."

तिसऱ्या जॉबच्या मागच्या बाजूला रेघा उलट्या कलल्या होत्या. पुढची बाजू त्यानं माझ्यासाठी केली होती. मागची स्वतःच्या हातानं.

"हा," मी म्हणाले आणि कारण सांगितलं.

रंगनाथरावांनी तुकडा घेतला आणि रेघांवरून अंगठा फिरवला. "व्हय. डावखुराच. जेवायला बसला की मीबी लई बोलायचो त्याला." रशीदभाई चहा सांगायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत.

राहिला प्रश्न नगाचा. माझ्या टेबलावर पंधरा वर्षं एक नमुन्याचा जॉब होता. मी स्वतः केलेला, त्याच मापाचा. मुलांना दाखवायचे, "असा पाहिजे." तो पोत्यात टाकला आणि प्राचार्यांना तसं लिहून दिलं. टेम्पो दोन वाजून दहा मिनिटांनी आला. नग ऐंशी. वजन जुळलं.

रंगनाथराव जॉब रुमालात बांधून निघाले, तेव्हा मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा." रुमाल सोडला, काटकोन तपासायचा गुण्या घेतला आणि आधी पुढच्या बाजूला लावला. खालून किंचित उजेड दिसला, म्हणजे घासणं तंतोतंत नव्हतं. याच बाजूला मी मार्क दिले होते, शंभरपैकी बासष्ट. मग मागच्या बाजूला लावला. उजेड कुठंच नव्हता.

"काय झालं मॅडम?"

"मार्क कमी दिले होते मी."

आता माझ्या पहिल्या दिवसाच्या यादीत एक प्रश्न जास्त आहे: डावखुरे कोण? हात वर झाले की त्यांना बाकाची डावी टोकं देते. जॉबवर नंबराबरोबर वर्षही ठोकायला लावते. आणि मार्क देण्याआधी जॉब उलटा करून बघते.