शरणबसप्पाची शीर

मुरुम गावाच्या आसपास कुठल्याही जत्रेत कुस्त्या लागल्या, की माइक शरणबसप्पाच्या हातात. धंदा मंडपाचा, पण खरा शौक बोलण्याचा. पैलवानाचं गाव, वस्ताद, तालीम सगळं तोंडपाठ. असा हा बडबड्या गडी यंदा दिवाळीनंतर एकाएकी गप्प झाला.

झालं असं, की बायको शामला बरेच दिवस माहेरी राहून परतली. त्यानंतर आठवडाभरात आंघोळ करताना शरणबसप्पाच्या हाताला काहीतरी लागलं. लिंगाच्या वरच्या अंगाला सुतळीसारखी कडक शीर. दाबली की ठणकायची. त्यानं मोबाइलवर शोधलं, कॅन्सर हा शब्द दिसला, आणि मोबाइल पालथा घातला. त्या रात्रीपासून त्याचं अंथरूण वर माळवदावर, घराच्या मातीच्या गच्चीवर.

शामलाला वाटलं, माहेरी जास्त राहिल्याचा राग. एका सकाळी चहा पुढं ठेवून तिनं सरळ विचारलं, "राग हाय का माझ्यावर?"

"राग न्हाय गं. भ्या वाटतंय." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

"मग दवाखाना सोडून माळवदावर कुठलं औषध मिळतंय तुमाला?" शामला म्हणाली आणि साडी बदलायला उठली.

उमरग्याच्या सर्जननं तपासलं, ताप, जखम, लघवीचा त्रास विचारला, सोनोग्राफी केली.

"वरच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. क्वचितच दिसतं, पण घातक नाही. कॅन्सर नाही, संसर्गही नाही. ताण पडला की होतं कधी कधी."

"व्हय, बांबू लई उचलतो म्या."

"बांबूंचा ताण नव्हे," डॉक्टर म्हणाले. शामला भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागली.

दुखण्यावर गोळ्या दिल्या. शीर चोळायची नाही, आणि ती मऊ होईपर्यंत नवराबायकोनं पथ्य पाळायचं. दुखणं, सूज वाढली तर लगेच यायचं.

परतीच्या एसटीत शरणबसप्पा मुरुम येईपर्यंत बोलत होता. संक्रांतीच्या सुमारास शीर पहिल्यासारखी मऊ झाली. अंथरूण त्याआधीच खाली आलं होतं.

आता तालमीत कुणी अवघडून बसलेला दिसला, की तो त्याला बाजूला घेतो. "लाजू नगं, डॉक्टरला दाखव," म्हणतो, आणि आपलंच उदाहरण देतो. त्याच्याच मंडपाच्या कामावरचा उत्तरेश्वर असाच उमरग्याला गेला. त्याचं दुखणं हर्नियाचं निघालं, पण वेळेवर कळलं.