रेडिओ क्लबची घटना

हौशी रेडिओवाले हवेत बोलताना फार शहाण्यासारखे वागतात. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देतात, त्याने ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि आपण कोण, कुठून बोलतोय हे सांगितल्याशिवाय मध्ये घुसत नाहीत. हीच माणसं एका खोलीत बसवली तर काय होतं, ते मला आमच्या क्लबची घटना लिहायला बसल्यावर कळलं.

क्लब म्हणजे ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या पट्ट्यातले पंधरा-वीस जण. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि आपल्या वायरलेस सेटवरून जगातल्या कुठल्याही माणसाशी, निदान कल्याणातल्या तरी माणसाशी, बोलायचं. मोबाइल असताना हे कशाला, या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणालाही धड देता येत नाही. मी पन्नाशी उलटल्यावर यात पडले. नौपाड्यात एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंग करते, त्यामुळे क्लबात सगळ्यांचा समज होता की मला कायदा कळतो. मला कायदा कळत नाही, कायद्याचं टायपिंग कळतं. पण हा फरक ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

क्लब काढला आम्ही सगळे ज्यांना काका म्हणतो त्यांनी. एका कारखान्याच्या देखभाल विभागात सगळी नोकरी करून ते निवृत्त झालेले. हातातल्या छोट्या सेटचा आवाज फार लांब जात नाही, म्हणून उंच गच्चीवर एक यंत्र बसवतात. ते आपला आवाज पकडून जोरात पुढे पाठवतं. त्याला रिपीटर म्हणतात. आमचा रिपीटर काकांनीच बांधलेला, आणि नौपाड्यातल्या त्यांच्याच सोसायटीच्या गच्चीवर बसवलेला. गच्चीची किल्ली काकांकडे, सभा काकांच्या हॉलमध्ये, चहा काकूंचा, आणि अध्यक्ष अर्थातच काका. त्यांना अध्यक्ष कोणी निवडलं, हा प्रश्न आजवर कोणाला पडला नव्हता. काकांना तर नव्हताच.

एका वर्षी काका-काकू लेकीकडे बंगळुरूला राहायला गेले आणि इकडे रिपीटर बंद पडला. आम्ही तिघं गच्चीवर जायला म्हणून त्यांच्या सोसायटीत गेलो. मी, आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टर, म्हणजे दातांच्या, आणि टिटवाळ्याचा एक संगणकवाला, जो क्लबातला सगळ्यात तरुण म्हणून चाळिशीतही ‘बाळ’ समजला जातो आणि ज्याला आम्ही नुसतं टिटवाळा म्हणतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, तुम्ही कोण. आम्ही म्हटलं, क्लबचे सभासद. ते म्हणाले, कागद दाखवा. क्लबच्या नावाचा एकही कागद जगात अस्तित्वात नव्हता. टिटवाळ्याने मोबाइल काढून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवला. सेक्रेटरींनी तो नीट पाहिला आणि सांगितलं की असे ग्रुप त्यांच्याकडेही सहा-सात आहेत, त्यावर ते कोणाला गच्चीची किल्ली देत नाहीत.

काका परत येईपर्यंत आम्ही मुके होतो.

ते आल्यावर आम्ही भीत भीत विषय काढला की क्लबला काही नियम असावेत. वाटलं होतं, ते दुखावतील. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात फुलस्केप कागदांचा एक गठ्ठा घेऊन आले. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. “नियम करायचेच तर अर्धवट नकोत,” एवढंच म्हणाले. आम्हाला गच्चीवर जायला एक पत्र हवं होतं. काकांनी आम्हाला राज्यघटना आणून दिली.

त्यावर चर्चा करायला काकांचा हॉल पुरेना. टिटवाळ्याच्या ओळखीने कल्याणात एका कोचिंग क्लासची खोली रविवारी सकाळी मिळाली. शाळकरी बाकांवर आम्ही पोटं आत घेऊन बसलो आणि पहिल्या कलमापासून सगळे एकदम बोलायला लागलो. काका उभे राहून शांतता राखा म्हणत होते, तेही त्या गोंगाटात मिसळून जात होतं. शेवटी डॉक्टर उठल्या. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवायची सवय असल्यामुळे बंद कशी करायची हेही त्यांना माहीत असावं. त्यांनी फळ्याजवळचा डस्टर उचलला आणि सांगितलं, हा माइक. ज्याच्या हातात डस्टर त्यानेच बोलायचं, आणि संपलं की ओव्हर म्हणून पुढे द्यायचा. त्या क्षणापासून सभा सुरळीत झाली. सगळ्यांच्या शर्टांना खडू लागला, पण कलमं पुढे सरकली.

भाषेवरून थोडी चकमक झाली. काकांनी रिपीटरला ‘पुनःप्रक्षेपक’ असा शब्द योजला होता. टिटवाळ्याने डस्टर हातात घेऊन तो दोनदा म्हणून पाहिला, आणि हा शब्द हवेत बोलायचा झाला तर बॅटरी उतरेल असं मत दिलं. काका ऐकेनात. इथे माझं कायद्याचं टायपिंग कामी आलं. मी लिहिलं, ‘पुनःप्रक्षेपक, ज्याचा उल्लेख यापुढे रिपीटर असा केला जाईल.’ एकदा काकांच्या मनासारखं, पुढे कायम आमच्या. दोन्ही बाजू खूश झाल्या. त्याच दिवशी मला कार्यवाह नेमण्यात आलं.

काकांचं सगळ्यात लाडकं कलम होतं गैरहजेरीचं. काही मंडळी वर्षभर दिसत नाहीत आणि सहलीच्या दिवशी पहिल्या रांगेत असतात, हे त्यांचं जुनं दुखणं. म्हणून कलम असं झालं की जो सभासद अध्यक्षांकडून लेखी रजा न घेता सलग तीन सभांना येणार नाही, त्याचं सभासदत्व आपोआप संपेल. पुन्हा यायचं असेल तर सहा महिने शिकाऊ सदस्य म्हणून राहायचं. शिकाऊला मत नाही, आणि क्लबच्या कुठल्याही यंत्राला त्याने हात लावायचा नाही. ‘आपोआप’ या शब्दावर काका फार खूश होते. फ्यूज जसा आपोआप उडतो तसं, कोणी कोणाला काढायला नको, कोणाचा राग नको. आम्ही डस्टर फिरवून मंजुरी दिली.

तो फ्यूज पहिल्यांदा उडाला तो कल्याणच्या एका गृहस्थांवर. डोंबिवलीच्या एमआयडीसीत ते शिफ्टमध्ये काम करायचे आणि त्या काळात रविवारी नेमकी त्यांची सकाळपाळी लागत होती. रजा मागायला हवी हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. काकांनी त्यांना घटनेतलं कलम जसंच्या तसं लिहून पाठवलं. त्यांचा मला फोन आला. “ताई, मी काय फिरायला गेलेलो का? ड्यूटीवर होतो,” म्हणाले, आणि ग्रुपमधून बाहेर पडले. मी काकांशी बोलले. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. पण पुढे कितीतरी दिवस, कल्याणहून कोणाचा फोन आला होता का, असं ते मला सहज विचारल्यासारखं विचारत राहिले.

मग काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, एक सभा चुकली. दुसऱ्याचं झालं, दुसरी चुकली. तिसऱ्या वेळी ते बरे होते, पण काकूंनी घराबाहेर सोडलं नाही. आम्ही सभा चालवल्या, कोणाच्या काही लक्षात आलं नाही. पुढे घटनेप्रमाणे होणाऱ्या अध्यक्षाच्या निवडणुकीसाठी मतदारांची हजेरी तपासायला मी बसले, आणि काकांच्या नावापुढचे तीन मोकळे चौकोन मी बोट ठेवून पुन्हा मोजले.

मी टिटवाळ्याला फोन केला. तो म्हणाला, जाऊ दे ना ताई, कोण बघतंय. मग डॉक्टरांना केला. त्या म्हणाल्या की काकांना सांगावं लागेल, आणि आपण दोघींनी जाऊन सांगू.

संध्याकाळी आम्ही नौपाड्यात त्यांच्या घरी गेलो. काका काळा चष्मा लावून बसले होते. काकूंनी पोहे आणले. मी प्रस्तावना करता करता पोहे संपले, शेवटी डॉक्टरांनीच सरळ सांगून टाकलं. काकांनी चष्मा काढला, माझ्याकडची घटनेची प्रत घेतली आणि आपलंच कलम नव्या डोळ्यांनी वाचलं.

“रजा कोणाकडून घ्यायची असते?” त्यांनी विचारलं.

“अध्यक्षांकडून,” मी म्हटलं.

“अध्यक्ष मी. मी स्वतःला रजा दिली होती.”

“लेखी?” डॉक्टरांनी विचारलं.

स्वयंपाकघरातून काकूंचं हसू ऐकू आलं. लग्न झाल्यापासून या घरात ह्यांच्याकडे कोणी काही लेखी मागितल्याचं पहिल्यांदाच ऐकतेय, असं त्या आतूनच म्हणाल्या. मी एक पळवाट पुढे केली. आजारपणाची सूट म्हणून एक पोटकलम आत्ता घालायचं आणि ते मागच्या तारखेपासून लागू करायचं. ऑफिसात असं पाहिलेलं होतं, टायपिंग सोपं होतं.

काकांनी मान हलवली. “आणि कल्याणवाल्याला काय सांगू?” म्हणाले.

ते फोन घेऊन गॅलरीत गेले. काय बोलले ते आम्हाला कळलं नाही, बराच वेळ नुसते ऐकत उभे असलेले दिसले. आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण आवाजात जराशी गंमत होती. “तो म्हणतो, तुम्ही शिकाऊ होणार असाल तर मीही परत येतो. तुम्हाला बाकावर बसलेलं बघायचंय म्हणाला.” मग त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून गच्चीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. ठेवली खरी, पण सोडायला त्यांना थोडा वेळ लागला.

निवडणुकीत डॉक्टर अध्यक्ष झाल्या. काका आणि कल्याणवाले शेवटच्या बाकावर शेजारी शेजारी बसायला लागले. पहिल्या सभेला दोघांनी एकमेकांना जेमतेम नमस्कार केला. दुसऱ्या सभेला ते कुजबुजत होते. तिसऱ्या सभेला डॉक्टरांना त्यांना वेगळं बसवायची धमकी द्यावी लागली.

आणि रिपीटर पुन्हा बंद पडला. या वेळी आमच्याकडे शिक्का मारलेलं पत्र होतं. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि नाइलाजाने वाट दिली. गच्चीवर पेटी उघडली, आणि आत काय आहे हे काकांशिवाय कोणालाच माहीत नाही हे आमच्या लक्षात आलं. काका आले होते, पण हात पाठीमागे बांधून उभे. टिटवाळा काकुळतीला आला. “काका, लावा ना हात, इथे कोणी बघत नाही.”

“मी बघतोय ना,” काका म्हणाले.

मग सोल्डरिंगची बंदूक डॉक्टरांनी हातात घेतली, टिटवाळ्याने टॉर्च धरला आणि काका तोंडाने सांगत गेले. डावीकडचं नाही, त्याच्या खालचं. एवढं तापवू नका. दाताला करता तसं हलक्या हाताने करा. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून कल्याणवाले वरून सूचना देत होते आणि त्या काकांच्या सूचनांच्या बरोबर उलट होत्या. काकांना स्वतः चहाच्या वेळेत झालं असतं असं ते काम आम्हाला जेवणाची वेळ टळेपर्यंत पुरलं. मध्येच एकदा काकांचा हात आपसूक पुढे गेला, आणि त्यांनीच तो दुसऱ्या हाताने धरून मागे घेतला. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या पेटीतली प्रत्येक वायर कुठून कुठे जाते हे आम्हा तिघांना कळलं. रिपीटर सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी सेटवर पहिली हाक दिली आणि टिटवाळ्याहून कोणीतरी लगेच उत्तर दिलं. काका तोंड फिरवून खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली म्हणाले.

पुढच्या सभेत रजेचं कलम आम्ही सैल केलं. शिफ्ट, आजारपण, लग्नकार्य असं काही असेल तर मोबाइलवरचा निरोप चालेल. दोन्ही शिकाऊंना या ठरावावर मत नव्हतं, मतं मात्र पुष्कळ होती.

सहा महिने पुरे झाल्यावर त्यांना पूर्ण सभासद करून घ्यायचा दिवस आला. घटनेप्रमाणे अर्जदाराने चर्चेच्या वेळी बाहेर थांबायचं असतं. हेही काकांचंच. दोघं जिन्यात जाऊन उभे राहिले आणि दार लागलं. आत कोणाकडेच बोलायला काही नव्हतं. डस्टर पूर्ण खोलीत एक फेरी मारून परत आला. टिटवाळा म्हणाला, बोलावू या त्यांना. डॉक्टर म्हणाल्या, इतक्यात बोलावलं तर काका विचारतील चर्चा काय केली, आणि मग आपल्याला परत बसवतील. म्हणून आम्ही सहलीला कुठे जायचं यावर बोललो. येऊरवर एकमत होईना, त्यात चांगला वेळ गेला.

मग मी दार उघडलं. जिन्यात दोघांचा अँटेनाच्या उंचीवरून जोरदार वाद चालला होता. कल्याणवाल्यांनी भिंतीवर बोटाने आकृती काढली होती आणि काका ती हाताने पुसत होते, जिथे मुळात काही उमटलंच नव्हतं. मी म्हटलं, या, तुम्हाला घेतलंय. काकांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, म्हणजे थांब, आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

मी आत येऊन इतिवृत्तात लिहिलं की दोन्ही अर्जदारांना एकमताने सभासद करून घेण्यात आले व तसे त्यांना सवडीने कळवण्यात येईल.