जिभेखालची गोळी
सोनगीरचा चाळिशीतला एक ट्रकचालक सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, धुळ्यात पावडरच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नशेने वारला. फिनेलचा वास आला की त्याच्या मृत्यूच्या दहा दिवस आधीची सकाळ आठवते. बातमीसाठी मी फिनेलने नुकत्याच पुसलेल्या व्यसनमुक्ती केंद्रात बसलो होतो. नशेची ओढ शमवणारी गोळी त्याला रोज तिथे येऊन, सिस्टरसमोर जिभेखाली विरघळवावी लागे. "बोलू नका भाऊ, मी बोलते," सिस्टर म्हणाल्या. "घरी माझं एवढं कोणी ऐकत नाही." तो मिटल्या तोंडानेच हसला. तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ आत आला. "गोयी बी नशाच शे, सिस्टर. आते मी त्याले घरमाच ठेवसू." गोळी अशी मध्येच बंद केली तर जिवाला धोका आहे, हे सिस्टरांनी परोपरीने सांगितलं. भाऊ हात जोडून त्याला घेऊन गेला. नऊ दिवस तो खोलीत कोंडलेला होता. दहाव्या दिवशी बरा वाटला म्हणून भावाने दार उघडलं. संध्याकाळी तो बसस्थानकामागे मृत सापडला. सवय सुटल्यावर पूर्वीइतकी पावडर शरीराला झेपली नाही, असं डॉक्टर म्हणाले. केंद्र दुपारी एकला बंद होत असे. त्या दिवशी दोनच्या सुमारास तो तिथे आला होता आणि सिस्टर आहेत का, असं विचारून गेला, हे रखवालदाराने सांगितलं.