अंधारातलं हिरवं धान

शाळेची नुमाईश, म्हणजे प्रदर्शन, जवळ आलं की आमच्या हेडमास्तरांच्या अंगात यायचं. नांदेडच्या शाळेत मी तेव्हा चौथीला शिकवत होते. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, हे हेडमास्तर सोडून सगळ्यांना कळलं होतं. मुलांनी शास्त्राचं काहीतरी करून मांडायचं, तर यांचा हुकूम निघाला, मातीचं धरण करा आणि त्यावर सरकारचा झेंडा लावा. यात शास्त्र कुठं, असं मी विचारलं. म्हणाले, नुमाईश बघायला सरकारी साहेब येणार, त्यांना बघायला बरं वाटलं पाहिजे. एका वकिलाने तर हैदराबादहून चावीची आगगाडी आणवली आणि मुलाने स्वतः बनवली म्हणून मांडली. बापालाच लाज नाही, तिथं मुलाला काय बोलायचं!

मी मुलांना सांगितलं, घरात रोज दिसतं पण का होतं ते कळत नाही, असं काही आणा. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत्याची मुलगी म्हणाली, "बाई, घटातलं धान पिवळं का येतंय? रानातलं तर हिरवं असतंय."

तोच प्रश्न घ्यायचा ठरला. गाडग्यांत गहू पेरले. एक गाडगं उजेडात ठेवलं, एक अंधाऱ्या कोठीत आणि एक जास्तीचं व्हरांड्यात. पुढच्या वर्षी शाळेत धाडायचं का नाही, ते नुमाईश बघून ठरवू, असं बापाने तिला बजावलं होतं. म्हणून पोर नेमाने पाणी घालायची आणि साहेबांसाठी मी शिकवलेली उर्दू वाक्यं घोकायची.

नुमाईशीच्या सकाळी हेडमास्तरांना ते पिवळं धान दिसलं. रोगट दिसतं म्हणून त्यांनी ते उकिरड्यावर टाकायला लावलं आणि त्या जागी व्हरांड्यातलं हिरवंगार गाडगं आणून ठेवलं. वरची 'अंधारातलं धान' ही चिठ्ठी तेवढी तशीच राहू दिली. एवढी अक्कल एका माणसात मावते कशी, याचं मला आजही नवल वाटतं. मला कळलं तेव्हा साहेब दारात होते.

साहेबांनी विचारलं, दोन्हींत फरक काय? पोरीने गाडग्यांकडे पाहिलं. घोकलेलं उर्दू तिने सोडूनच दिलं.

"ह्ये दोन्ही उजेडातलेच हायेत," ती म्हणाली. "अंधारातलं पिवळं होतं. ते हेडमास्तरनं फेकून दिलं."

साहेबांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. हेडमास्तरांनी कमरेत वाकून तर्जुमा केला, की हुजूर, मुलगी म्हणते, सरकारच्या छत्राखाली अंधारातसुद्धा धान हिरवंच येतं.

साहेब खूश झाले. शाबाशी देऊन त्यांनी तिच्या हातात बक्षिसाची दौत ठेवली. मी पुढे होऊन खरं सांगायला लागले, तर हेडमास्तरांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्या शाळेने त्या वाजवल्या. मला त्या माणसाची किळस आली. निदान पोरीची शाळा तरी वाचली, अशी मी मनाची समजूत घातली.

तिचा बाप गर्दीतून पुढे आला. पोरीच्या हातातली दौत घेऊन त्याने उलटीपालटी करून बघितली आणि खुशीत मला म्हणाला, "खुद्द साहेबाची शाबाशी भेटली, बाई. आता आणखी काय शिकायचं राहिलं?"