आजोबांचा उरलेला शब्द

रिया, निहाल — ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. तुमच्या बाबाजवळसुद्धा नाही. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता, म्हणून अक्षर सुटं नि मोठं काढते आहे. वाचायला वेळ लागला तर लागू दे. मला लिहायला तीन वर्षं लागली.

कळंबचं घर तुम्हाला आठवतं तसंच आहे. फ्रिजवर ते वेळापत्रकही अजून चिकटलेलं आहे — सातला नाचणीचं सत्त्व, दर दोन तासांनी कूस बदलणं, चारला हाताचा व्यायाम. पक्षाघातानं आजोबांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि मी वेळापत्रक केलं. मला दुसरं काय येत होतं? भेटायला येणारे म्हणायचे, बाई, तुमच्या घरात आजाऱ्याचा वाससुद्धा नाही. ऐकून बरं वाटायचं. मग लोक यायचे थांबले. दोन वर्षं मी कर्जतच्या पुढे गेले नाही. घरात बोलणारी मी एकटी, आणि समोरून एकच शब्द यायचा.

ये.

तेवढा एकच उरला होता त्यांच्याकडे. पाणी हवं — ये. पाठ दुखते — ये. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात एखादा शब्द मागे राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. पण मला कळायचं. पाण्याचा 'ये' आखूड. तुमच्यासाठीचा लांब — आणि सोबत डावा हात उताणा, बोटं आपल्याकडे ओढत. फाटकाशी उभे राहून तुमच्या गाडीला बोलवायचे ना, अगदी तसा.

दर रविवारी संध्याकाळी तुमचा व्हिडिओ कॉल. "आजोबा, बरे आहात?" "ये." निहाल, तू किंचाळलास, "आजोबा इंग्रजीत हो म्हणाले!" तुम्ही हसलात. मीही हसले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मला दोन्ही शब्द माहीत होते — तुमचा 'yeah' आणि आमचा 'ये'. गंमत म्हणून सोडून दिलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर?

त्या वर्षी तुमची सुट्टीत इकडे यायची तिकिटं काढायची वेळ आली. रिया, तुझा पोहण्याचा कॅम्प नेमका त्याच आठवड्यांत. तू विचारलंस, "आजोबा, या वर्षी आम्ही नाही आलो तर चालेल?" ते म्हणाले, "ये." मग पुन्हा, लांब — "येऽऽ." तू मला विचारलंस, "आजी, हो म्हणाले ना?"

मी म्हटलं, हो.

आणि फोन कसा धरला होता, तेही सांगते. त्यांचा डावा हात चादरीवरून उठला तेव्हा मी फोन दोन बोटं वर घेतला. तुम्हाला फक्त चेहरा दिसला. हात चित्रातून चुकून नाही कापला गेला.

ठाकरवाडीतली सोमी, मला त्यांना उचलायला मदत करायची ती, तिथंच चादरी घडी करत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अवो आजी, बाबा पोरांना बोलावतात. तुमाला कळत नाय?"

"डॉक्टर म्हणालेत, त्या शब्दाला अर्थ नाही."

"डाक्टरला नसंल. माझी शेळी वरडली तरी मला कळतं काय पायजे. ह्यो तर तुमचा नवरा हाय!"

मी तिला म्हटलं, चादर उलगड नि पुन्हा घाल, कोपरे जुळले नाहीत.

का केलं मी असं? चार माणसांचा जास्तीचा स्वयंपाक, ओल्या चादरी, ती संडासची खुर्ची तुमच्या डोळ्यांसमोर — असं स्वतःला सांगितलं. दमले होते, हे खरं. पण दमलेली माणसंही खरं बोलतात. त्याच्या तळाशी आणखी काही होतं. फोनवर तुम्ही दिसलात की त्यांचा चेहरा उजळायचा. दिवसातून बारा वेळा मी त्यांना कुशीवर वळवत होते — मला बघून तो एकदाही उजळला नव्हता. तुम्ही खाटेशी बसलेले आणि तो चेहरा... मला ते बघायचं नव्हतं. एवढंच.

पुढच्या रविवारी फोन समोर धरला, तर ते गप्प. मग पाण्यासाठीसुद्धा तो शब्द आला नाही. पुन्हा कधीच नाही. तुम्ही विचारलंत, आजोबा का बोलत नाहीत? मी म्हटलं, झोप आली असेल.

दिवाळीच्या आधी ते गेले. तुम्ही आलात, बॅगा घेऊन फाटकाशी थांबलात — कुणी बोलवायचं राहिलं असल्यासारखे. मी दारात उभी होते. मलाही तो शब्द म्हणता आला नाही.

रिया, परवा तू म्हणालीस, त्या वर्षी आले नाही याचं वाईट वाटत नाही, आजोबा स्वतःच हो म्हणाले होते.

ते हो म्हणाले नव्हते, बाळा. ते तुला बोलावत होते. आणि मला ते कळलं होतं.